बासष्ट संदर्भ

३ नोव्हेंबर, सोमवार
जर्नलचं उत्तर आलं. खर्डा परिसरातल्या चोवीस विहिरींच्या पाण्यावरचा माझा पेपर त्यांना पसंत पडलाय. नसता पडला तरच नवल. फक्त शेवटची संदर्भांची यादी त्यांच्या फॉरमॅटमध्ये करून २८ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा म्हणे. बासष्ट संदर्भ. दिवसाला दहा केले तरी रविवारपर्यंत खलास.
माझं असोसिएट प्रोफेसर होणं या एका पेपरावर अडलंय. अकरा वर्षं अडलंय. मागून आलेले दोघं पुढे गेले, त्यातल्या एकाला तर पिपेटही नीट धरता येत नाही. आता बघा म्हणावं. नेमप्लेटवाल्याला फोन करून ठेवला.

४ नोव्हेंबर
मेहविश मॅडम आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात ज्युनिअर. पेपरवर दुसरं नाव त्यांचं. पाण्याच्या टेस्ट त्यांनी केल्या, डोकं माझं. आज म्हणाल्या, सर, एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, अर्ध्या तासात यादी लावून देतं. मी नुसता हसलो. ज्यांना कष्ट नकोत त्यांनी सॉफ्टवेअर वापरावं. मी एकेक संदर्भ हाताने लिहिणार.
आज झालेले संदर्भ: शून्य. पण वही आखली. दोन रंगांत.

८ नोव्हेंबर, शनिवार
जर्नलच्या सूचना वाचल्या. चौदा पानं! स्वल्पविराम कुठे, तिरपी अक्षरं कुठे, ठळक कुठे. आम्ही रसायनशास्त्र शिकलो की शिवणकाम?
वर आणखी, लेखक आडनावाच्या अक्षरक्रमाने लावा. म्हणजे कोण कुठला अँडरसन पहिला, आणि आमचे विभागप्रमुख भागवत वाकचौरे सर एकसष्टावे. सर प्रमोशनच्या समितीवर बसतात. लग्नपत्रिकेत कुणी असा क्रम लावला तर मामालोक मांडवातून उठून जातील. शिवाय लेखक जास्त असले तर पहिल्याचं नाव द्या आणि पुढे 'आणि इतर' लिहा म्हणतात. माझे पीएच.डी.चे गाइड त्या 'इतर'मध्ये येतात. ज्याने हा नियम काढला त्याला गाइड नसावा.
ठरवलं. मी ज्येष्ठतेनुसार लावणार. वाकचौरे सर पहिले, गाइड दुसरे. सर्वांना डॉ. किंवा प्रा., आणि जे वारलेत त्यांना कै. परदेशातल्या किती जणांना कै. लावावं, हे शोधण्यात दुपार गेली. झाले: सात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जिल्ह्याचं नाव बदलून वर्ष झालं, तरी माझ्या फाइलीत सगळीकडे अहमदनगर. एक बटण दाबलं आणि एकतीस ठिकाणी अहिल्यानगर झालं. मला कॉम्प्युटर येत नाही म्हणणाऱ्यांनी यावं बघायला.
मेहविश मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, सर, १९८९ साली छापलेल्या पुस्तकाच्या नावातही अहिल्यानगर झालंय, आता ते पुस्तक कुणालाच सापडणार नाही. मी उलट बटण दाबलं. आता पुस्तक सापडेल, पण आमच्या कॉलेजच्या पत्त्यात पुन्हा अहमदनगर. चूक कंपनीची आहे. बटण अर्धवट बनवलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
यादी पूर्ण! वेबसाइटवर चढवली. चार मिनिटांत परत आली. क्रम चुकीचा, पदव्या काढा, आणि प्रत्येक संदर्भाला त्याचा डीओआय नंबर द्या. चार मिनिटांत बासष्ट संदर्भ कुठला माणूस तपासतो? मशीन आहे ते. मशीनला वाकचौरे सर काय माहीत.
नेमप्लेट आली. पितळेची. रेश्मा म्हणाली, अहो, प्रमोशनची ऑर्डर हातात यायच्या आधी कशाला? लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हिला संशोधनातलं काही कळत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
घरी सावेडीत सकाळभर लाइट नव्हती. दुपारी कॉलेजात नॅकच्या तपासणीच्या फाइलींना लेबलं लावायला मला बसवलं. एम.एस्सी., पीएच.डी., आणि लेबलं.
डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा नंबर. तो शोधायचा तर एकेक पेपर उघडायला हवा. मी बहुतेक संदर्भ दुसऱ्यांच्या पेपरांच्या शेवटच्या यादीतून उचललेत. सगळेच उचलतात. बासष्ट पेपर उघडून बसलो तर संशोधन कधी करू? झाले: शून्य.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
काम मेहविश मॅडमकडे सोपवलं. ज्युनिअर लोकांना शिकायला मिळालं पाहिजे, असं माझं पहिल्यापासूनचं मत. त्यांनी पंचवीस मिनिटांत यादी लावली. अक्षरक्रमाने. वाकचौरे सर एकसष्टावे.
मनाला लागलं. सरांना गैरसमज नको म्हणून स्वतः केबिनमध्ये जाऊन सगळं समजावलं. सर म्हणाले, कुठला पेपर?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मेहविश मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि दार लावून घेतलं. नंबर देताना त्या एकेक पेपर उघडून बघत होत्या म्हणे. कुणी सांगितलं होतं? विचारलं, सर, सतरा नंबरचा तुम्ही वाचलाय का? मी म्हटलं, अर्थात. त्यांनी प्रिंट समोर ठेवली.
चांगुणा गोल्हार, २०१४. खर्डा परिसरातल्या विहिरींचं पाणी. साठ विहिरी, तीन वर्षं. आमच्या चोवीसपैकी एकोणीस त्यात आहेत. निष्कर्ष तेच. पाणी का बिघडलं, हे आम्हाला सापडलं नाही, ते बाईंनी शोधलेलं आहे.
मी म्हटलं, काढून टाका तो संदर्भ, एकसष्ट काय कमी आहेत? मेहविश मॅडम म्हणाल्या, मग माझं नावही काढा. इतक्या शांतपणे म्हणाल्या की राग यायलाही वेळ लागला. पुढे म्हणाल्या, नाहीतर यांच्यापेक्षा आपलं नवीन काय ते अर्धं पान लिहून द्या, मी आत घालून पाठवते. अर्धं पान! मी नॅकला दीडशे पानं लिहून दिलेला माणूस.
खात्री करावी म्हणून खर्ड्याच्या कानिफनाथला फोन लावला. आमची पहिली विहीर त्याची. तो म्हणाला, व्हय सर, त्या बाई तीन वर्सं येत हुत्या की, लई बाटल्या नेल्या. मी तुमाला पयल्याच दिशी सांगत हुतो, पर तुमी म्हनले, मधी बोलू नको, पानी शेंद.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ८. अर्धं पान लिहायला बसलो.

११.१५. काही सुचेना म्हणून गोल्हारबाईंचा पेपर वाचला. पूर्ण. बासष्टांतला पहिलाच. चांगला आहे. आमच्यापेक्षा पुष्कळ चांगला. वाचताना लाज वाटत होती आणि तरी मधे थांबवेना.

दुपारी २. नवीन मुद्दा सापडला: आमच्या पाच विहिरी त्यांच्याकडे नाहीत.

२.२०. त्या पाच २०१४ नंतर खोदल्यात, आणि पाणी तिथेही बाईंनी सांगितलं तसंच. मुद्दा खोडला.

४.१०. पान कोरं.

४.४०. वेबसाइटवर पेपर मागे घेण्याचंही बटण आहे. दाबलं. कारण विचारलं. 'तांत्रिक अडचण' लिहिलं. पुसलं. 'पहिल्या लेखकाने संदर्भ वाचले नव्हते' असं लिहिलं. त्याला काही फॉरमॅट लागला नाही.
मग दुसऱ्या लेखकाची संमती हवी म्हणून मेहविश मॅडमना आपोआप मेल गेला. त्यांची संमती दोन मिनिटांत आली. बहुतेक त्या कालपासून वाटच बघत होत्या.