ह्यांच्या नावाची पाणपोई

सोडाला, जयपूर
मे २००६

चि. शेषरावास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? आनंदीचा खोकला थांबला का? परेशचा ताप उतरला ना? आम्ही सगळे बरे आहोत.

अनुयाच्या कॉलेजात बाईंनी मुलांना आपापल्या गल्लीतलं जमिनीखालचं पाणी तपासायला लावलं. माझ्या नातीनं पहिलं आमच्याच बोअरचं नेलं. त्यात फ्लोराइड फार निघालं. वर्षानुवर्षं प्यालं की हाडं आखडतात म्हणे.

आम्ही नळाचं पितो, काळजी करू नकोस. पण ते घरालाच जेमतेम पुरतं. ह्यांच्या नावानं दारात मांडलेले पाणपोईचे माठ मी बोअरनंच भरत आले रे, इतकी वर्षं.

काल दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. रोजचा हातगाडीवाला कैलाश हसला. "माँजी, हड्डियाँ तो बाद में अकड़ेंगी, प्यास अभी लगी है," म्हणाला नि दोन तांबे प्याला. मला त्याला अडवता आलं नाही.

संध्याकाळी मी माठ पालथे घातले. आज भर उन्हात तो आला, पालथ्या माठांकडे पाहिलं आणि गाडी ढकलत निघून गेला.

अनुया म्हणते, "आजी, बरोबर केलंस." मी मात्र तेव्हापासून पालथ्या माठांपाशीच बसून आहे. तू काय केलं असतंस, ते लवकर लिही.

तुझी
आक्का