पू निघावा म्हणून नवस

धुळे, मंगळवार

तीर्थस्वरूप ताईअक्कास, धाकट्या चुडामणचा साष्टांग नमस्कार. तिकडे पिंपळनेरास तू, दाजी आणि म्हशी खुशाल असाल. इकडची खुशाली गुरुवारी कळायची आहे, तोवर ती ओळ कोरी सोडतो. (रागावू नकोस. वार मी नाही ठरवला, इथल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी ठरवला.)

गोष्ट अशी की माझ्या उजव्या बरगडीखाली काहीतरी वाढले आहे. पोळ्याच्या सुमारास डोळे पिवळे झाले, तेव्हा घरात सर्वांनी कावीळ ठरवली आणि गावातल्या बेबाबाईने मंतरलेल्या काड्यांची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. तुला ठाऊकच आहे, कावीळ उतरेल तशी ही माळ सैल होऊन गळ्यात येते आणि मग खाली खाली सरकते. माझी इतक्या झपाट्याने उतरली की एरंडोलहून लोक बघायला येऊ लागले. झिपरूतात्यांनी तर तिला हळदकुंकू वाहिले. (माळेला. मला कोणी विचारले नाही.) ती कमरेखाली गेली त्या दिवशी तुझ्या भावजयीने, यशोदेने, हौसेने मांडे केले, आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. हे सारे मी डॉक्टरांना मोठ्या ऐटीत सांगितले. ते म्हणाले, काड्या वाळल्या की दोऱ्याचे फास सैल पडतात, आणि माणूस वाळला की माळेला अडायला जागा उरत नाही. पोळ्यापासून थंडी पडेपर्यंत सारा गाव माळेकडे बघत राहिला अक्का, माझ्याकडे कोणी बघितलेच नाही. मीसुद्धा नाही.

मग त्यांनी भरताचे वांगे पारखावे तसे माझे पोट दाबून पाहिले आणि दारू पिता का म्हणून विचारले. मी देवाची शपथ घेऊन नाही म्हणालो. पदराआडून यशोदा खोकली. (तिचे खोकणे कोर्टात साक्ष म्हणून चालेल.) तेव्हा कबूल केले की मोहाची घेतो, पण ती पोटातल्या वायूवर औषध म्हणून, आणि तीही दाजींच्याच सल्ल्याने. डॉक्टर हसले नाहीत. यकृत म्हणून जो अवयव आहे तो दारूने, नाहीतर जुन्या काविळीने हळूहळू राठ होतो, आणि अशा राठ यकृतात पुष्कळदा वाईट गाठ धरते, असे त्यांनी समजावले. बाटली वेळेवर सुटली तर पुष्कळ टळते म्हणे. मी म्हणालो, आजपासून सोडली. ते म्हणाले, सोडाच, पण हे तुम्ही मला फार उशिरा सांगता आहात.

आता मुद्द्याचे. यशोदेला बाहेर बसवून त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या आवेच्या दुखण्यातून यकृतात पू धरतो. तसे असेल तर सुईने पू ओढून काढायचा, औषध टोचायचे, आणि माणूस आखाजीच्या सणाला झोक्यावर बसायला मोकळा. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज उतरला. "सुई कोरडी आली, तर तो कर्करोग. एकच लहान गाठ असती तर मुंबईला पाठवून कापून काढण्याचा विचार केला असता. तुमच्या यकृतात गाठी ठिकठिकाणी हाताला लागतात."

तेव्हा अक्का, मी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललो आहे की माझ्या पोटातून पू निघू दे. त्या देवाकडे लोकांनी मुले मागितली, पाऊस मागितला, पू मागणारा मी पहिलाच असेन. यशोदेला मी भीतीपोटी एवढेच सांगितले की सुई घालून आत काही आहे का ते बघणार आहेत. म्हणून तिनेही त्याच गणपतीला नवस केला आहे, की आत काही न निघो. देव बिचारा एक, आणि एकाच घरातून दोन उलटे अर्ज. मला हसूही येते. मला फार भीती वाटते आहे, अक्का.

दाजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा चुडामण

ता. क. दाजींच्या डोळ्यांतले पांढरे उजेडात नीट बघ. पिवळसर दिसले तर माळबीळ न घालता त्यांना मोटारीत घालून थेट धुळ्यास आण. नाही आले तर मी मेलो म्हणून सांग, म्हणजे धावत येतील. त्यांची बाटली मात्र आजच ओतून टाक.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचे राहिले होते, आज गुरुवार. सुई झाली. डॉक्टरांनी जागा बदलून पुन्हा घातली. काही निघाले नाही. यशोदा दाराशी उभी होती, तिने तेवढेच ऐकले. "मी सांगेल व्हतं ना, तुमना पोटमा काहीच नई शे," म्हणाली आणि रडली, इतकी आनंदाने की डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आता ती साऱ्या वॉर्डात गूळ वाटते आहे. मलाही खडा दिला, मी खाल्ला. अक्का, तू ये आणि तिला सांग. माझ्याने होणार नाही, ती फार दिवसांनी हसते आहे.