मॅडमच्या केबिनमधलं पहिलं पाऊल

४ डिसेंबर
मोज्यांच्या कारखान्यात आज फॉर्म वाटले. "कामातून तुम्हाला काय हवं आहे?" सोळा वर्षं मी मोज्यांची भोकं शोधतोय, आणि आमच्या मॅनेजर ताशेवा मॅडमना माझी गरज आत्ता आठवली. शिफ्ट-प्रमुखाची जागा रिकामी, सर्वांत जुना मी. मग विचारायचं काय? मुद्दाम लिहिलं, 'काहीही नको.' झोंबू दे. उद्या धावत येतील.

५ डिसेंबर
आल्या नाहीत.

९ डिसेंबर
जागा प्लामेनला! कालचा पोरगा. त्याने फॉर्मवर सरळ 'शिफ्ट-प्रमुख व्हायचंय' लिहिलं होतं म्हणे. लाज नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला तर काहीच नको होतं ना. बघून घेईन एकेकाला.

१९ डिसेंबर
सुचलं! उद्या इग्नाझ्देनचा सण. या दिवशी उंबऱ्यात ज्याचं पाऊल पहिलं पडेल, त्याच्यासारखं त्या घराचं सगळं वर्ष जाणार. म्हणून लोक हसऱ्या, भाग्यवान माणसाला मुद्दाम बोलावतात. मॅडमच्या केबिनमध्ये पहिला मी शिरणार. रिकाम्या हाताने, आंबट तोंडाने, डावा पाय आधी. वर्षाची माती. त्या गेल्या की प्लामेनला कोण विचारतो? जागा माझी.
बायको, वेनेता, म्हणाली, "एवढं डोकं कामात चालवलं असतंस तर?" तिला सूड म्हणजे काय ते कळतच नाही.

२० डिसेंबर, सकाळी ६.१०
शिरलो. मनातल्या मनात शिव्याही घातल्या.
६.३०
मॅडम आल्या. मला बघून हरखल्याच. त्यांना वाटलं, मी शुभ पावलाने आलोय. रीतीप्रमाणे खुर्चीत बसवलं, डब्यातली चीजची गरम बानित्सा खाऊ घातली. तीन तुकडे खाल्ले. खाल्ल्याने शाप उतरत नसावा.

१५ जानेवारी
इटलीची मोठी ऑर्डर आली. मॅडम खुशीत. शाप हळूहळू चढत असेल.

२ फेब्रुवारी
नवीन यंत्रं आली. मॅडमच्या मुलीचं लग्न ठरलं. डावाच पाय टाकला होता ना मी? डावाच.

३ मार्च
मॅडम जाणार! सूड पुरा! (सोफियाच्या हेड ऑफिसला, बढतीवर. पण जाणार हे महत्त्वाचं.) आता नवा साहेब, आणि शिफ्ट-प्रमुख मी.

५ मार्च
नवा साहेब प्लामेन.
हरकत नाही. त्याची शिफ्ट-प्रमुखाची जागा तर रिकामी झाली. या खेपेला तोंडाने मागायची, असं ठरवून निरोप-समारंभाला गेलो. मॅडमनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. म्हणाल्या, "वेलिझार, हे वर्ष तुमच्या पायगुणाचं."
सोळा वर्षांत कारखान्यात माझं नाव कुणी असं मोठ्याने घेतलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. डोळ्यांत मोज्याचा धागा गेला असावा.
मग प्लामेनने बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, पुढच्या इग्नाझ्देनला माझ्याकडे पहिले तुम्हीच या. तुमच्याशिवाय कुणी नको मला." त्याचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं. येताना वाटेत एकटाच हसत होतो.
घरी वेनेताने विचारलं, "जागेचं काय झालं?"
मागायचं राहूनच गेलं.