रॉकरमधले चार वॉशर

दादा,

गाडी घेऊन जातेय. बाबाही बरोबर आहेत, ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच बाहेर पडतायत.

काल गाडी चौकात बंद पडली तेव्हा तू त्यांच्यासमोर म्हणालास, "हिला जमत नाही, तरी सगळ्यात हात घालते." मी ऐकून घेतलं, कारण मलाही वाटलं की माझंच काहीतरी चुकलं. आज सकाळी इंजिनाचं वरचं झाकण उघडलं, तर झडपा दाबणाऱ्या रॉकरच्या मध्ये चार वॉशर निघाले. ते मी घातलेच नव्हते. इंजिन दुरुस्त करताना दोन दिवस रॉकरमधल्या स्पेसरच्या कड्या घासून मी मुद्दाम कागद सरकेल एवढी फट ठेवली होती, कारण इंजिन तापलं की रॉकरना हलायला जागा लागते. तुला ते सैल वाटलं, तर मला विचारायला काय झालं होतं?

वॉशर काढले आणि गाडी सुरळीत चालू झाली. ते तुझ्या उशीवर ठेवलेत.

"काय बिघडलं होतं गं?" असं बाबांनी दोनदा विचारलं. मी तुझं नाव घेतलेलं नाही. संध्याकाळी जेवायला बसू तेव्हा तूच सांग, आणि कालचं बोलणंही त्यांच्यासमोरच मागे घे.

– धाकटी