फुलदाणीशी बोलणाऱ्या पुतण्यास

चि. गुंड्यास (पोस्टरवर तुझं नाव हातभर अक्षरांत असलं तरी माझ्या घरात तू गुंड्याच) काका-काकूचे पोतंभर आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी काकू कुरकुरते. पैकी मला गुडघ्याचंच तेवढं कळतं. तू मात्र पडद्यावर वाळलेला दिसलास. वेळेवर जेवत जा.

तुझं पत्र पोचलं. पहिला बोलपट लागलाय, लोकांना आवाज पटला तर कंपनी ठेवणार, नाहीतर हातात नारळ देणार, आणि बाकीचे तोंडदेखलं बोलतात म्हणून खरं काय ते काकांनीच बघून सांगावं! वा रे पठ्ठे! बॉयलरच्या कारखान्यातल्या हातोड्यांनी ज्याचे कान तुझ्या जन्माआधीच खाल्ले, त्याला तू आवाज तपासायला पाठवतोस? काकू पोट धरधरून हसली. मला मात्र बरं वाटलं. दादा गेल्यावर तू आमच्याकडे वाढलास, माझ्यासमोर उभा राहून ओठ हलवत बोलायला शिकलास, आणि इतका सहज बोलत आलास की मी बहिरा आहे हेच विसरलास.

मूकपटांत आपलं कसं छान चाललं होतं! राणीचा निरोप घेताना खालच्या पाटीवर लिहिलेलं असायचं की हा विरह मला सोसवणार नाही, आणि तुझे ओठ म्हणायचे, काका, गुडघा कसा आहे? सगळं थिएटर डोळे पुसतंय आणि मी एकटा खो खो हसतोय. (काकूने काढलेला चिमटा अजून निळा आहे.) बाणाने घायाळ होऊन मरतानासुद्धा तू सांगितलंस, काकूचा स्वेटर मिळाला, बाह्या आखूड झाल्या. मी तिला तिथल्या तिथे कळवलं, तर तिने उरलेला सिनेमा तुझ्या मरणापेक्षा बाह्यांच्या काळजीत काढला. आमच्या रांगेतले लोक पाटी वाचायच्या आधी मला विचारायचे, खरं काय म्हणाला हो? तेव्हा थिएटरात सगळेच बहिरे होते, आणि त्यांच्यात मी राजा होतो.

आता बोलपटाचं ऐक (म्हणजे वाच). तुम्ही सगळे त्या टेबलावरच्या फुलदाणीभोवती गोळा होऊन का उभे होता? मला वाटलं, तुझं प्रेम फुलदाणीवरच आहे आणि ती बाई आपली मध्येमध्ये येतेय. काकूने दुसऱ्या दिवशी खुलासा केला की आवाज पकडायचं यंत्र म्हणे फुलदाणीत लपवतात. बरं, तू बोलायचास ते तिच्याकडे तोंड करून, म्हणजे मला नुसता तुझा कान दिसणार. खलनायकाच्या मिशा तर ओठांवर पडदा टाकून बसलेल्या. मी काकूला विचारलं, काय म्हणाला? तिने पडद्याच्या उजेडात माझ्याकडे वळून ओठ हलवले, गप्प बसा. तेवढा एकच संवाद मला नीट कळला. चार वेळा विचारलं, चार वेळा तोच. पुढच्या रांगेतला टकल्या मागे वळून काहीतरी खेकसला. तेही कळलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही. मध्यंतरात मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. खरं सांगतो, वाईट वाटलं रे. पहिल्यांदाच तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस.

असो. तुझ्या आवाजाबद्दल मी काय सांगणार? चालणं झकास, डोळे बोलके, पगडी किंचित तिरकी. याउपर मला विचारू नये.

तुझा,
बिनकानाचा काका

ता. क. पुढच्या सिनेमात जिथे नुसतं वाजवणं चालू असेल आणि तुला बोलायचं नसेल, तिथे फुलदाणीकडे पाठ करून एकदाच ओठ हलव. काका, जेवलात का, एवढं पुरे. कंपनीला काय कळतंय!

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना काकूला पुन्हा विचारलं, आवाज खरंच कसा होता ते सांग. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. म्हणाली, हुबेहूब तुमच्या दादांचा. अरे, दादाचा आवाज मी ऐकलेला आहे, कारखान्यात जाण्याआधी! उद्या पुन्हा सिनेमाला जातोय. तुझे ओठ दिसले नाहीत तरी चालेल. कंपनीला सांग, काकांनी आवाज पास केला.