सुमीच्या हाताची सूज

मंगळवार, संध्याकाळ

आजी होणार म्हणून नुसती नाचत होते मी! डोहाळजेवणाला लेकीच्या, सुमीच्या हातात हिरव्या बांगड्या जाईनात. कासारीण म्हणाली, "मावशी, पोरीचे हात सुजलेत." मी म्हटलं, "माहेरचं जेवण मानवलंय गं!" साबण लावून चढवल्या. कशाला चढवल्या?

आज रक्ताचा रिपोर्ट आला. बाळाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या नळ्या वाढवणारं काहीतरी असतं, ते सुमीच्या रक्तात फार कमी आहे. प्रेशरही चढलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांनाही धोका आहे, उद्याच भरती करा. सूज कधीपासून?"

बांगड्यांना पंधरा दिवस झाले. आणि माझ्या तोंडून निघालं, "कालपासून."

सुमीनं नुसतं बघितलं माझ्याकडे. आता फोन लावते डॉक्टरीणबाईंना. खरं सांगते.