बोरनहाणातली निळी जीप

तीर्थस्वरूप कलावतीमावशी,

कोपरीहून केदारचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) आम्ही इकडे मजेत आहोत. तुझं बीपी ताब्यात असेल आणि टिटवाळ्याला नळ वेळेवर येत असेल अशी आशा करतो. काकांच्या पायाचा अंगठा कसा आहे? सूज उतरली का? अंगठ्याची चौकशी मी शिष्टाचार म्हणून करत नाही, त्यात माझा हात आहे, हे पुढे कळेलच. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. सोनल माझा फोन माझ्याआधी वाचते आणि मी तुझ्याशी बोलायला लागलो की "स्पीकरवर टाका" म्हणते. टपालपेटीला अजून स्पीकर बसलेला नाही.

तर मावशी, मला एक छंद आहे. (घाबरू नकोस, दारू नाही.) धातूच्या छोट्या गाड्या मिळतात, त्यांचे दरवाजे, टप, चाकं उलगडत गेलं की त्यांचा रोबो होतो. त्या मी जमवतो. वय अठ्ठेचाळीस, हुद्दा हेडक्लार्क, हे मला ठाऊक आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही. आमचा सहा-सात जणांचा ग्रुप रविवारी सकाळी तलावपाळीला भेटतो. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत आणि एक निवृत्त फौजदार आहेत, ज्यांनी नोकरीत पकडले नसतील इतके चोर पकडायला पुरतील एवढ्या पोलीस व्हॅन जमवल्या आहेत. आमच्यातला पहिला नियम असा, की खोक्याचं सील तोडायचं नाही. म्हणजे ज्या खेळण्याची सगळी गंमत उलगडण्यात, ते जन्मात उलगडायचं नाही. हे सोनलला समजावून सांगायची माझी छाती झाली नाही, कारण ते मलाही नीट समजलेलं नाही.

नोव्हेंबरात आमच्या वॉचमनने, सखारामने, माझं पार्सल थेट तिच्याच हातात दिलं. तिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, ऋतुराजच्या बोरनहाणासाठी. तुझ्या नातवाचं नाव त्या क्षणी कुठून आलं देव जाणे, पण आलं आणि बसलं. पुढचं प्रत्येक पार्सल मग बोरनहाणाचंच झालं. सोनलने एक कापडी पिशवी काढली, तिच्यावर पेनने "ऋतुराज, बोरनहाण" लिहिलं आणि पिशवी माळ्यावर ठेवली. मला तर चोराला तिजोरीची किल्ली मिळाल्याचा आनंद झाला. वर ती म्हणाली, "अठरा वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माझ्याआधी एखादं कार्य आठवलं." मी नम्रपणे मान खाली घातली. (वर करून बघायची सोय नव्हती.)

त्या पिशवीत सहा गाड्या जमल्या. या सहा एकमेकींना जोडल्या की एक मोठा रोबो उभा राहतो. पाच त्या पार्सलांतून मिळाल्या होत्या, सहावी निळी जीप, म्हणजे त्याचा उजवा पाय, चार वर्षं शोधूनही मिळत नव्हती. ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी आली. नियम गेला खड्ड्यात, रथसप्तमीला सहाच्या सहा उघडून जोडायच्या, असं मी ठरवलं होतं. आणि बोरनहाणासाठी फुगे, पेन्सिली, शिट्ट्या आणून पिशवी बदलायची, हेही ठरवलं होतं. पण सोनल तुझ्या मदतीला शनिवारीच टिटवाळ्याला निघाली. पिशवीसकट.

मी रविवारी पोचलो तेव्हा तू आत गुळपोळ्या लाटत होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ऋतुराज काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसला होता आणि मुकुट चाटत होता. मुलांना कोपरे लागतील म्हणून सोनलने सगळी खोकी फाडून टाकली होती. चार वर्षांच्या शोधाची सीलं, मावशी! चुरमुरे, बोरं, उसाचे करवे आणि त्यात माझ्या सहा गाड्या. तुझ्या सुनेने, ऐश्वर्याने, चुरमुरे पोराच्या डोक्यावरून ओतले, सोनलने जड म्हणून गाड्या बाजूला सोडल्या, एवढी अक्कल देवाने दोघींना दिली. बाजूला काका होते. जीप त्यांच्या अंगठ्यावर उतरली.

काका ओरडले आणि मी झेपावलो. सगळ्यांना वाटलं त्यांना धरायला. मी चुरमुऱ्यांत गुडघ्यांवर बसून पोरांबरोबर लुटत होतो. दोन गाड्या हाती लागल्या. बायका मोबाइलवर शूटिंग करत होत्या, कुणी म्हणालं, "काय हौस आहे हो भावजींना लहान मुलांची!" सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं होतं, कारण वेगळं. आणखी तीन गाड्या मी जिन्यात उभं राहून पोरांकडून चॉकलेटवर सोडवल्या. आता पाचही ऑफिसच्या खणात आहेत.

जीप मात्र तुझ्या नातीने, ऋतिकाने पटकावली. मी तिला दोन चॉकलेटं दाखवली, मग अख्खा पुडा. ती म्हणाली, "काका, लुटलेलं परत मागतात का कधी? चीटिंग आहे ही." आणि बोलता बोलता नऊ वर्षांच्या त्या पोरीने जीपचा रोबो करून माझ्यासमोर धरला. मला सुरुवातीला, नियम ठाऊक नसताना, एक गाडी उलगडायला व्हिडिओ बघून पाऊण तास लागला होता आणि त्या रोबोचा कोपर निखळला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. असो. वस्तूंवरचा मोह आता सुटला आहे. माझं काहीही मागणं नाही.

तुझा,
केदार

ता. क. सोबतच्या तिळाच्या वड्यांच्या डब्यात, वड्यांच्या खाली, त्याच निळ्या रंगाची प्लॅस्टिकची जीप आहे. ऋतिका शाळेत गेली की तेवढी अदलाबदल कर. खरी जीप रुमालात गुंडाळून ठेव, मी शनिवारी येतो. ऋतिकाला कळणार नाही. (कळेल, पण तोवर मी कोपरीला पोचलेला असेन.)

दुसरा ता. क. मावशी, थांब. डबा बांधत होतो तेवढ्यात सोनलने ऋतिकाला व्हिडिओ कॉल लावला. ती आता दर रविवारी लावते म्हणे, मला माहीतच नव्हतं. पोरीने जीपचा रोबो करून दाखवला आणि सोनल शेजारच्या शकूताईंना हाक मारून म्हणाली, "बघा ना, आमच्या ह्यांनी स्वतः निवडून आणलीय. दोन महिने आधीपासून जमवत होते." हे बोलताना तिचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता. तेव्हा प्लॅस्टिकची जीप ऋतुराजला दे. आणि मी शनिवारी येऊन पाया पडलो, रडलो, शपथा घातल्या, तरी ती निळी जीप माझ्या हाती देऊ नकोस.